जर्मन गाडी बाईला दाद देत नाही म्हणे

"मावशी, ही गप का बसंना?"

वैशालीनं दोन्ही हातांनी स्टेअरिंग आवळून धरलं होतं आणि गाडी पीऽऽप करून एकसारखी ओरडत होती. समोर डाळजचा सर्व्हिस रोड मोकळा. माणूस नाही, कुत्रं नाही. तरी ओरडत होती. मागून उसाची ट्रॉली येत होती. वैशालीनं घाबरून ब्रेकवर पाय दिला तो असा, की माझा चष्मा डॅशबोर्डवर जाऊन पडला. ट्रॉलीवाल्यानं ट्रॅक्टर कसाबसा बाजूला घेतला आणि जाता जाता आम्हा दोघींच्या माहेराचा उद्धार करून गेला.

मागच्या सीटवर वैशालीचे मालक, बाळासाहेब, बसले होते. ते म्हणाले, "बघा. मी काय म्हणत हुतो? ह्या गाडीला बाईमाणूस चालत न्हाय."

मी गाडी शिकवते. बारामतीला लागून जळोची आहे, तिथं माझं मोटार ट्रेनिंग स्कूल. स्कूल म्हणजे एक छोटी गाडी, एक पाटी आणि मी. मला स्वतःला कुणी शिकवलं नाही. माझ्या मालकांचा टेम्पो होता. ते दुपारी झोपले की मी तो माळावर फिरवायची. पुढं रीतसर लायसन काढलं, परवानगी काढली, आणि आता निम्म्या जळोचीच्या सुना माझ्या हाताखालून गेल्यात. शिकवणाऱ्याच्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्याला ड्युअल कंट्रोल म्हणतात. शिकणाऱ्यानं घोटाळा केला की आपण दाबायचा. बाळासाहेबांच्या गाडीत तो नव्हता. तिथं माझ्या पायाखाली नुसता मऊ गालिचा होता आणि मी तोच दाबत बसले होते.

डाळजला सासर असलेली ही वैशालीही माझ्याच छोट्या गाडीवर शिकून पास झाली होती. लायसन हातात होतं. तिची आई इंदापूरला एकटी राहते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की व्यायामाला दवाखान्यात आणलं नाही तर गुडघा आखडून बसेल, मग आम्हाला बोल लावू नका. न्यायचं कुणी? बाळासाहेबांची ढोबळी मिरची शेडनेटमध्ये, तोडा सुरू, त्यांना सवड नाही. एसटीसाठी हायवेला उभं राहिलं तर कधी गाडी थांबते, कधी हात दाखवून पुढं जाते. दोनदा व्यायाम चुकला होता. म्हणून वैशाली गाडी शिकली. आणि ती शिकेपर्यंत बाळासाहेबांनी घरातली छोटी गाडी देऊन टाकून ही जर्मन गाडी आणली. सेकंडहँड, पण काय सांगू तुम्हाला!

नाव लिहीत नाही, मला कुणाची जाहिरात करायची नाही. नाकावर चांदणी असते ती. उंच, जीपसारखी. खरं सांगते, पहिल्यांदा दार लावलं आणि 'धप्प' असा जो आवाज आला, तो ऐकायला मी दार परत उघडून परत लावलं. आत बसलं की हायवेवरचा कंटेनरसुद्धा चवड्यांवर चालत गेल्यासारखा वाटतो. सीट आपोआप मागंपुढं सरकतं. चालवणाऱ्याची बसायची सवय गाडी ध्यानात ठेवते, बटण दाबलं की सीट तसं करून देते. बाळासाहेबांचा ठाम समज, की गाडीला मालक कळतो.

एक खोड मात्र आहे. आपल्या गाड्यांना इंडिकेटर उजव्या हाताला. ह्या गाडीला उजव्या हाताला गिअरची दांडी, इंडिकेटर डावीकडं. वैशाली वळताना सवयीनं उजवी दांडी दाबायची आणि गाडी न्यूट्रलला जाऊन नुसती गुरगुरायची. ते मी तिच्या उजव्या मनगटाला रुमाल बांधून दोन दिवसांत सोडवलं. ओरडण्याचं मात्र सुटेना.

"मावशी," बाळासाहेब मागून व्याख्यान द्यायचे, "जगातली पहिली मोटार ह्याच कंपनीच्या माणसानं बनवली. पहिली! ही चांदणी बघा, तीन टोकं. जमीन, पाणी आन् आभाळ. तिन्हीकडं ह्यांचं इंजिन. असल्या गाडीला तसाच हात लागतो."

"कसला हात?"

"गड्याचा."

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, बाळासाहेब, अर्धीच गोष्ट कशाला सांगता? त्या माणसानं मोटार बनवली खरी, पण लोक ती घेईनात. ती शेडमध्ये पडून होती. शेवटी त्याच्या बायकोनं पहाटे ती बाहेर काढली, दोन पोरं बरोबर घेतली आणि नवरा झोपलेला असताना थेट माहेरी निघाली. पेट्रोल पंप तेव्हा कुठला? वाटेत औषधाच्या दुकानातनं इंधन घेतलं. नळी तुंबली तर टोपीला लावायच्या पिनेनं मोकळी केली. ब्रेक झिजला तर चांभाराकडून त्याला चामडं मारून घेतलं. चढाला पोरांनी ढकलली. आणि आईच्या दारात नेऊन उभी केली. तेव्हा कुठं लोकांना पटलं की ही चीज चालते. आणि पुढं गाडीला जे नाव मिळालं, ते कुणाचं? एका गिऱ्हाइकाच्या लेकीचं! गाडीला नाव पोरीचं, पहिला लांबचा पल्ला मारला बाईनं, आणि तुम्ही म्हणता हिला बाई चालत नाही?

वैशाली आरशातून बघत होती. तिचं तोंड हसत होतं, हात नव्हते हसत.

"ते जर्मनीत," बाळासाहेब म्हणाले. "हितं माझ्या हातात गाडी ओरडती का? निघताना जरा कुरकुरती, मग गप बसती. हिच्या हातात बसंना. मग?"

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

त्या ट्रॉलीच्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "उद्यापासनं बंद. जीव जायचा कुणाचा तरी." वैशालीनं गाडीची किल्ली खुंटीला अडकवली. चुलीपाशी जाऊन भाकरी थापायला बसली. मी त्यांच्याकडून दोन दिवस मागून घेतले. खरं तर माझाच पारा चढला होता. माझी विद्यार्थिनी पास झालेली, पाय हलका, नजर नेमकी, आणि एका गाडीनं तिला येड्यात काढायचं?

आता ओरडण्याचं सांगते. पुढच्या बंपरमध्ये रुपयाएवढ्या गोल टिकल्या बसवलेल्या असतात. त्यांना सेन्सर म्हणतात. त्या पुढं आवाज सोडतात, आपल्याला ऐकू न येणारा. तो कशावर आपटून माघारी आला की गाडीला कळतं, जवळ काहीतरी आहे. वटवाघळाचं असतं तसंच. वस्तू लांब असली तर टुक, टुक. जवळ आली की टुकटुकटुक. अगदी टेकायला आली की सलग पीऽऽप. म्हणजे गाडीचं म्हणणं एवढंच होतं की माझ्या नाकासमोर काहीतरी आहे. आणि नाकासमोर काहीही नव्हतं.

आधी मला वाटलं चिखल. ओल्या फडक्यानं टिकल्या पुसल्या. ओरडली. मग वाटलं धूळ आत गेली. ब्रशनं झाडल्या. ओरडली. मग पुण्याच्या शोरूमला फोन लावला. तिकडून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, गाडीला बाहेरून काही अ‍ॅक्सेसरी बसवलीय का?"

मी बाळासाहेबांना विचारलं, "वरनं काही बसवलंय का गाडीला?"

"काय न्हाय. जशी आणली तशी हाय."

मी गाडीभोवती एक चक्कर मारली. मलाही काही दिसलं नाही. "काही नाही बसवलं," मी सांगितलं. मग ती म्हणाली, गाडी पुण्याला घेऊन या, अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यातली मिळेल. पुढच्या महिन्यात! इंदापूरचा गुडघा काय अपॉइंटमेंट घेऊन आखडणार होता?

दुसऱ्या दिवशी वैशालीला म्हटलं, अंगणातच लाव गाडी, मी खाली उतरून बघते. ती गाडी सुरू करून ब्रेकवर पाय ठेवून बसली. मी समोर. गाडी पीऽऽप. मी दहा पावलं मागं सरले. पीऽऽप. गोठ्याच्या पलीकडं जाऊन उभी राहिले. पीऽऽप. बाजेवर बसलेले आबा, म्हणजे वैशालीचे सासरे, वैतागले.

"आगं ये बाई, तिला समोर दिसतंय तरी काय? बघ की तिच्या डोळ्यानं!"

ते वैतागून बोलले होते. पण मी खरंच गेले, आणि बंपरच्या कडेला खाली बसले. माझे गुडघे काही ऑपरेशनवाल्या बाईपेक्षा बरे नाहीत, पण बसले. गाल बंपरला लावून डोळा त्या टिकलीच्या उंचीला आणला आणि समोर बघितलं.

नाकाला लोखंड लागलं.

गार्ड! मनगटाएवढ्या जाड, चकचकीत स्टीलच्या पाइपचा, गाडीच्या तोंडावर आडवा ठोकलेला गार्ड. बरोबर सेन्सरच्या पुढ्यात. आमच्या भागात गाडी घेतली की पहिलं काम गार्ड. म्हैस आडवी आली, ट्रॉली मागं सरकली, तर बंपर वाचावा म्हणून. पिकअपला गार्ड, जीपला गार्ड, माझ्या छोट्या गाडीलासुद्धा होता पूर्वी. त्यामुळं तो आम्हाला 'बसवलेला' वाटतच नाही. नवरीच्या गळ्यात मंगळसूत्र असतं तसा तो गाडीला असतोच. मी चक्कर मारली होती, हात लावून गेले होते, आणि तरी म्हणाले, काही बसवलेलं नाही.

"बाळासाहेब! हा गार्ड कुठनं आला?"

"बारामतीत बसवून घेतला. गाडी आणली त्याच दिवशी. का?"

"तुम्ही म्हणालात काही बसवलं नाही!"

"ते बसवणं हाय व्हय? गार्ड हाय त्यो!"

एक गाठ मात्र अजून सुटायची होती. गार्ड असतो तर तो बाळासाहेब चालवतानाही असतोच. मग त्यांच्या हातात गाडी गप्प का होते? मी परत शोरूमला फोन लावला. त्या मुलीनं सांगितलं की हे सेन्सर गाडी लावायच्या कामाचे, त्यामुळं ते फक्त हळू चालताना जागे असतात. वेग धरला की आपोआप झोपतात.

मला हसू का रडू असं झालं. बाळासाहेब फाटकातून सुटले की बंदुकीच्या गोळीसारखे हायवेला लागतात. वैशाली नवी, माझं ऐकून हळू चालवते. म्हणजे नीट चालवते म्हणूनच तिच्यावर ओरडा!

तोंडी सांगून बाळासाहेबांना पटणारं नव्हतं. त्यांच्या शेळ्यांचा कळप चरायला निघाला होता. मी म्हटलं, "बसा गाडीत. शेळ्यांच्या मागं मागं विहिरीपर्यंत चला. एकाही शेळीला मागं टाकायचं नाही."

बसले. मी शेजारी, वैशाली मागं. शेळ्या आपल्या रमतगमत, बांधावरचा पाला ओरबाडत. आणि गाडी पीऽऽऽऽप. बाळासाहेबांनी घाम पुसला. बटणं दाबली. सीट मागंपुढं करून बघितलं. पीऽऽऽऽप. विहीर आली तेव्हा शेळ्यांनीसुद्धा मागं वळून बघितलं.

"मालक वळखीना व्हय गं आज?" वैशाली मागून म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे.

तरी माणूस हटेना. घरी आल्यावर म्हणतो, "बरं. कळलं. पण गार्ड काढायचा न्हाय. बिनगार्डाची गाडी म्हंजे बिनटोपीचा माणूस. गावात काय म्हणतील? आन् म्हैस आडवी आली तर?"

मी त्यांना समजावलं. म्हटलं, ह्या गाडीचं तोंड मुद्दाम असं बनवलेलं असतं की धडक बसली तर ते चेपावं आणि आतल्या माणसाला हिसका कमी बसावा. एअरबॅग, म्हणजे धडकेला फुगून छाती वाचवणारी उशी, तीही त्याच हिशोबानं उघडते. पुढं लोखंड बांधलं की तो हिशोब बिघडतो. असले गार्ड लावायला कायद्यानंही मनाई आहे. बाळासाहेब मान हलवत होते. पटलं म्हणून नव्हे, दुसरीकडं बघायला म्हणून.

वैशालीनं पदराला हात पुसले आणि मोबाइल उचलला.

"कुणाला लावतीस?"

"आईला. सांगते, गुडघा आखडला तर आखडू दे. आमच्या गाडीला गार्ड हाय."

तिनं नंबर लावलाच. पलीकडं रिंग जायला लागली, स्पीकरवर. आबा बाजेवरून म्हणाले, "बाळ्या, विहिणबाईंनी फोन उचलायच्या आत पान्हे आन." बाळासाहेबांनी वैशालीच्या हातातला फोन घेऊन बंद केला, गोठ्यात गेले आणि पान्ह्याची पेटी घेऊन आले.

नट गंजले नव्हते, तरी त्यांनी दुपार घालवली. एकेक नट काढताना असं तोंड, की जणू स्वतःचा दात उपटतायत. गार्ड खाली पडला. वैशालीनं गाडी सुरू केली, गिअरची दांडी 'डी'ला, म्हणजे पुढं जायला टाकली, अंगणातून हळूहळू पुढं घेतली. आवाज नाही. नुसती चाकाखालची माती कुरकुरली. अंगणातल्या पाण्याच्या पिंपाजवळ आली तेव्हा टुक, टुक झालं, आणि तिनं हळूच थांबवली. "आता बरोबर बोलती," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती इंदापूरला गेली. मी शेजारी बसले होते, पण दाबायला काही नाही म्हणून पाय मांडीखाली घेऊन. तिची आई काठी टेकत दारात आली, गाडीकडं बघितलं आणि पहिलं काय विचारावं? "जावई कुठं हायेत?" वैशाली म्हणाली, "मिरची तोडत्यात. तू बस." आईचा व्यायाम झाला. त्यानंतरच्या खेपेला मला बोलावणं आलं नाही, आणि माझ्या धंद्यात ह्याहून मोठी पावती नसते.

बाळासाहेबांनी गार्ड कशामुळं काढला हे गावात कुणाला सांगितलेलं नाही. कुणी विचारलं तर म्हणतात, "जर्मनीवरनं मेसेज आला हुता."

मी आता नवीन गाडी शिकवायला घेतली की आधी तिला मालकाच्या डोळ्यांनी बघत नाही, मालकाला बाजूला करून बघते. गाडी आणि शिकणारी दोघी एकदम बिघडल्या असं कुणी सांगितलं, की बहुतेक वेळा बिघाड सांगणाऱ्यानं स्वतःच्या हातानं, हौसेनं, नट आवळून बसवलेला असतो.