सासूबाईंची आंबट बरणी, सासऱ्यांची गोड बरणी

नव्वद सालच्या आसपास लग्न होऊन मी बदलापूरला बेलवलीत आले. सासरे अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. मागच्या अंगणात त्यांनी मांडवावर द्राक्षवेल चढवली होती आणि तिच्या द्राक्षांची घरी वाइन करायची, हा ध्यास घेतला होता. त्या वर्षी वेल पहिल्यांदाच लगडली.

"काढू या आता. बुलबुल टपलेत," सासूबाई म्हणाल्या.

"द्राक्षांत अजून साखर भरायचीय," सासरे म्हणाले. "साखरेचीच दारू होते. आत्ता तोडलीस तर आंबटढाण होईल."

"आणि बुलबुलांनी खाल्ली तर?"

सासरे कामावर गेले आणि सासूबाईंनी कात्रीने अर्धा मांडव रिकामा केला. मी स्टूल धरलं. नव्या सुनेनं नाही कसं म्हणायचं? संध्याकाळी सासऱ्यांनी मांडवाखाली उभं राहून उरलेले घोस मोजले. शेवटी म्हणाले, "तुझी बरणी वेगळी, माझी वेगळी."

उरलेल्या घोसांवर त्यांनी माझ्या रुखवतातली कोरी मच्छरदाणी टाकली आणि द्राक्षं पार मऊ, पिवळी होईपर्यंत ते थांबले. आम्हाला तोवर डास चावत राहिले.

मे महिन्यात माझे वडील आले. कट्टर निर्व्यसनी मास्तर. "द्राक्षासवच ना? मग औषधच," असा निकाल त्यांनी स्वतःच दिला. सासूबाईंच्या बरणीतला पहिला घोट घेताच त्यांचे डोळे मिटले, खांदे उडाले.

"बोंबिलाबरोबर घ्या," सासूबाईंनी तळलेल्या बोंबिलांची ताटली सरकवली.

"अरे वा! आता जीभ धुतल्यासारखी वाटते."

मग सासऱ्यांची बरणी. दाट, गोड, मधासारखा वास. वडिलांनी ती बोंबिलांशिवायच घेतली, पुन्हा मागून घेतली आणि दारूच्या दुष्परिणामांवर बोलायला लागले. 'संसार उद्ध्वस्त' या शब्दांपाशी ते खुर्चीतच झोपले.

आयुष्यात थेंब न घेतलेल्या सासूबाईंनी मग दोन्हींतला चमचा चमचा चाखला. "तुमची गोड, पण गुळमट. माझीला धार आहे, पण अंगात काही नाही." त्यांनी दोन्ही एका पेल्यात ओतून सासऱ्यांपुढे धरल्या. सासरे प्यायले. रिकामा पेला त्यांनी पुन्हा पुढे केला.

"पुढच्या वर्षीही अर्धी तू आधी काढ," ते म्हणाले.

द्राक्षं कधी तोडायची यावर आमच्याकडे पुन्हा कधी भांडण झालं नाही. कुणाची किती ओतायची, यावर मात्र दरवर्षी झालं.