कुंताबाईनं निवडलेलं जाकीट

साकोलीपासून दोन कोसांवरच्या त्या गावात धानाच्या रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत कुंताबाईचा शब्द चाले. बांधीच्या खाचरात पऱ्हे, म्हणजे रोपं, किती दाट लावायची, कुणी कुठून हात चालवायचा, हे ती सांगे आणि वीस-पंचवीस बाया मुकाट्यानं ऐकत. बाई भारी चिकित्सक. बाजारात टमाटरसुद्धा इतकं उलटंपालटं करून घेई, की भाजीवाली म्हणे, "बाई, भाजी घेऊन राहिली का पोरीसाठी सोयरीक पाहून राहिली?" अशा या बाईवर १९८३ च्या थंडीत एक वस्तू निवडायची पाळी आली. ती वस्तू तिनं, तिच्या नवऱ्यानं आणि गावातल्या कुण्या शहाण्यानंही जन्मात पाहिलेली नव्हती.

झालं असं, की तिची मुलगी रुखमिणी कॉलेजात एन.सी.सी.त होती आणि हिमाचलातल्या स्कीइंगच्या शिबिरासाठी तिची निवड झाली. पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जायचं, म्हणे. सरांनी एक कागद दिला होता, त्यावर तसं घसरणाऱ्या माणसाचं चित्र होतं. पट्ट्या, बूट तिथं मिळणार होते. जाकीट मात्र घरून आणायचं. पहिल्याच दिवशी ते तपासणार. बरोबर नसेल, तर बर्फावर पाय ठेवायचा नाही, सरळ घरचा रस्ता.

"म्हंजे आपल्या जाकिटापायी पोरगी तिथून वापस येईन?" कुंताबाईनं विचारलं.

"येऊ शकते," रुखमिणी म्हणाली.

"मंग जाकीट मीच पाहीन," कुंताबाई म्हणाली. विषय संपला.

मधुकरराव, म्हणजे तिचा नवरा, गरीब स्वभावाचा पण सल्ल्यांचा मोठा श्रीमंत. त्यानं मेव्हण्याकडून एक जाडजूड लोकरी कोट आणला. कोट इतका भारी, की खुंटीच खाली वाकली. "हा घाल. थंडीची काय बिशाद!" कुंताबाईनं कोटाची एक बाही पाण्याच्या बादलीत बुडवली आणि वर काढून नवऱ्याच्या हातात दिली. बाही काही केल्या निथळेना. "बरफ वितळलं का पाणीच होते ना जी? पोरगी घसरन का हे धूड वाहून नेईन?" मधुकररावानं कोट परत केला.

मग मायलेकी एसटीनं भंडाऱ्याला गेल्या. बर्फातलं जाकीट म्हणताच दुकानदार आधी पोट धरून हसला, मग त्यानं एक रबरी रेनकोट काढला. कुंताबाईनं त्यावर लोटाभर पाणी ओतलं. थेंब आत जाईना. रोवणी करणाऱ्या बाईचा जन्मभराचा वैरी म्हणजे पाठीवरचं पाणी. ते अडलं, म्हणजे झालं, असं तिला वाटलं. मोठ्या ऐटीत ती तो रेनकोट घेऊन घरी आली.

पण स्वस्थ बसेल तर ती कुंताबाई कसली! दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं रुखमिणीला रेनकोट घालून शेतातून धानाचे भारे आणायला लावलं. चार खेपा झाल्या. रेनकोट काढला, तर आतलं पोलकं पिळून घ्यावं इतकं ओलं! घामानं पोरगी भिजलेली, आणि वारा लागताच दात वाजायला लागले. कुंताबाई खाली बसली. बाहेरचं पाणी अडवण्याच्या नादात आतलं पाणी ती विसरली होती. मेणकापड पांघरून रोवणी केलेल्या बाईनं हे विसरावं? चूक केल्याची लाज तिला फार वाटली; पण तिनं ती लपवली नाही. "माहीच चूक झाली वो रुखमे," ती म्हणाली. शिबिराला बारा दिवस उरले होते.

साकोलीच्या आठवडी बाजारात दर थंडीत गोठणगावच्या निर्वासित कॅम्पातले तिबेटी लोक स्वेटरं विकायला बसत. त्यातल्या पेमाबाईकडे स्वेटरांच्या ढिगामागं दोन-तीन नायलॉनची जाकिटं टांगलेली होती. गावानं तिच्याकडून वर्षानुवर्षं स्वेटरं घेतली, पण ही बाई बर्फाच्या मुलखातून आली आहे, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. नवऱ्याला आणि रुखमिणीला घेऊन कुंताबाई तिथं गेली आणि सरांचा कागद तिच्यासमोर धरला. पेमाबाई बराच वेळ चित्र पाहत राहिली.

कुंताबाईही चित्राकडे पाहत होती. घसरणारा माणूस गुडघ्यात मोडलेला, कमरेत वाकलेला. "हा तं रोवणी करून राहिला!" ती एकदम म्हणाली. "रुखमे, घाल जाकीट आणि वाक. रोवणीले वाकतो तशी."

"माय, बाजारात?"

"बाजारात नाही तं काय देवळात? वाक."

भर बाजारात रुखमिणी वाकली आणि हवेतच पऱ्हे लावू लागली. भोवती माणसं जमली, कुणी शिट्टी मारली. कुंताबाईनं ढुंकून पाहिलं नाही. ती मागं जाऊन पोरीची कंबर पाहत होती. जाकीट वर सरकून चार बोटं पाठ उघडी पडली होती. "इथून वारा घुसते. वीस वर्सं याच जागी माही कंबर धरून राहिली. दुसरं दाखवा."

पेमाबाई हसली नाही. तिनं तळातून एक लांब जाकीट काढलं. आत कापसासारखी हलकी भर, खाली आवळायची दोरी, मनगटाला रबर, काखेत हवा जायला भोकं. रंग मात्र भडक नारिंगी. रुखमिणी वाकली, वळली, हात वर करून पाहिले. पाठ झाकलेलीच राहिली.

"हे नोको," मधुकरराव कुजबुजला. "झेंडा फिरते असं दिसन. लोक हासतीन."

"बर्फ में गिरी, तो ढूँढना पडता है," पेमाबाई म्हणाली. "सफेद में ये रंग दूर से दिखता है."

कुंताबाईनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा जमलेल्या माणसांकडे. "बांधा," ती म्हणाली.

रुखमिणी गेली. पुढचे पंधरा दिवस कुंताबाईला जेवण गोड लागलं नाही. पोस्टमन दिसला, की ती हातातलं काम सोडून उभी राही. आपल्या हातून निवड चुकली असली, तर पोरगी कोणत्या तोंडानं परत येईल, हाच घोर.

शेवटी पत्र आलं. अंगणात शेजारच्या बाया तांदूळ निवडत होत्या. मधुकररावानं मोठ्यानं वाचायला घेतलं. शिबिरात सहा मुलींना जाकिटापायी खालीच थांबवलं. त्यातल्या दोघी मोठ्या शहरातल्या. रुखमिणीच्या जाकिटाची दोरी, मनगटं, काखा तिथल्या शिकवणाऱ्या बाईसाहेबांनी तपासल्या आणि विचारलं, "तुझे वडील फौजेत आहेत का? हे बर्फ पाहिलेल्या माणसानं निवडलेलं दिसतं." रुखमिणीनं सांगितलं, "नाही मॅडम. माझ्या आईनं निवडलं. ती धानाची रोवणी करते."

मधुकरराव थांबला. पत्र खाली करून त्यानं बायकोकडे पाहिलं.

"हे एकडाव आखीन वाचा," कुंताबाई म्हणाली.

त्यानं वाचलं.

"आखीन."

"अवं, पण आता काहून? आयकलं ना सगळ्यायनं."

"काहून म्हंजे?" सुपातले तांदूळ बाजूला सारून कुंताबाई ताठ बसली. "जल्मभर वाकूनच काम केलं मीनं. आज वाकल्याचं नाव झालं. वाचा, मले बरं वाटून राहिलं."