तहाचे तांदूळ

आश्रमशाळेच्या संमेलनात दरवर्षी तीच कोळीगीतं ऐकून मी विटले होते. म्हणून त्या वर्षी मुलांसाठी नाटुकलं लिहिलं, आणि तेही थेट अमेरिकेचं. हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या हौसेला अक्कलही नव्हती.

गोष्ट खरी होती. तिकडे उत्तर-दक्षिणेचं युद्ध पेटलं, तेव्हा गुलामगिरी टिकवायला निघालेल्या दक्षिणेच्या फौजेतला एक अधिकारी थोडे स्वार घेऊन नैऋत्येच्या ओसाड मुलखात घुसला आणि स्वतःच स्वतःला तिथला गव्हर्नर म्हणवू लागला. त्याने हाताखालच्या माणसाला लेखी हुकूम दिला: डोंगरातल्या आदिवासी लोकांना तहाला बोलवा, दारू पाजा, मोठ्यांना मारून टाका, आणि मारण्याचा खर्च त्यांची मुलं विकून भागवा.

डोंगरातल्या म्होरक्याचं काम मी पोशेऱ्याकडच्या एका मुलीला दिलं. आठवीतली, भलती तिखट. तालमीत ती अडूनच बसली. "बाई, कागद धाडला म्हनून कोन येल? तांदूळ धाडाय पायजे." त्यांच्या पाड्यावर हळद लावलेले तांदूळ हातात घेतले की आमंत्रण घेतलं, मग जायचंच. मला ते फारच आवडलं. मी अधिकाऱ्याच्या हातात तांदूळ दिले.

तिची आई संमेलनाला येणार होती, पण मुलीला कायमची घरी न्यायच्या विचाराने. शेतात हात हवे होते आणि स्थळही आलं होतं. जूनमध्ये शाळा उघडताना मीच त्यांच्या घरी जाऊन, नागलीच्या भाकरीचं कौतुक करत, गोड बोलून मुलीला खोडाळ्याजवळच्या आमच्या आश्रमशाळेत आणलं होतं. आता गेली तर ती परत येणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. मुलीला मुख्य कामात बघून आई विरघळेल, असा माझा हिशेब.

दुपारी मैदानात पाडेच्या पाडे येऊन बसले. कोट घातलेल्या अधिकाऱ्याने हसत तांदूळ पुढे केले, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "नको घेव गं!" हशा पिकेल असं मला वाटलं, पण कुणीच हसलं नाही. मुलीचा हात तसाच अधांतरी थांबला. मी पडद्याआडून "घे, घे" करत होते. तिने घेतले. गोळीबार म्हणून पत्रे बडवले, तशा बायका उठून उभ्या राहिल्या. मुलं विकायचं वाक्य आलं, तेव्हा कितीतरी आयांनी पुढे बसलेली आपापली पोरं मागे ओढली.

नाटक संपल्यावर आई मुलीचा हात घट्ट धरून माझ्यासमोर उभी राहिली. इकडे लहानथोर सगळ्यांना तूच म्हणतात.

"त्या मानसाचा काय झाला मंग? फाशी दिला?"

"नाही. वरच्यांनी त्याचं पद काढून घेतलं."

"नि मंग?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "मग निवडणुकीत निवडून आला."

"गोड बोलत असल," ती म्हणाली.

मुलगी हुशार आहे, नर्स होईल, तुम्ही काळजी करू नका. सगळी वाक्यं माझ्या ओठांवर होती. पण तीही सगळी गोडच. मला स्वतःचीच भीती वाटली.

"माझे घरी तू तांदूळ नाय आनलेस, पन बोललीस तशीच. तवा सांगला नाय, ता आता सांग."

मी सांगितलं. मुलींच्या खोलीचं छप्पर गळतं. विज्ञानाला शिक्षक नाही. संडासाच्या वाटेवर दिवा नाही. डाळ नुसतं पाणी असते. तुमची लेक पावसाळाभर रडत होती. शेजारी मुख्याध्यापक डोळे वटारत होते, तरी मी थांबले नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. मुलीकडे एकदा पाहिलं आणि हात सोडला.

"ऱ्हाव दे हिला. बाजाराचे दिशी मी येन. दिवा लागला का नाय, बघाय."