तारनाक्यातली कोप

मार्थाअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी काचीगुडा स्टेशनवर गाडीची वाट बघत होते. त्यांच्या लेकीने, रूथने, "आई गेली" एवढंच सांगितलं आणि फोन तसाच धरून ठेवला. गाडी आली, गेली... मी तिथंच उभी. त्याला आता महिना उलटला. मधे नाताळही होऊन गेला.

आमची ओळख शहरातल्या तारनाक्यातली, शेजारची. अक्का निवृत्त नर्स, बोलायला फटकळ आणि मनाने मऊ. त्यांचं माहेर लातूरकडचं, आमच्या गावाला लागूनच. तिकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवशीचा सण असतो. शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, उभारायची, पूजा करायची आणि मग ओल्या तुरी-हरभऱ्याची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिल पोटभर हाणायची. अक्का ख्रिस्ती, पण त्यांच्या अंगणात नाताळला झाड नसायचं, कोप असायची. चांगली दोन माणसं बसतील एवढी. आत मरिया, योसेफ, बाळ आणि मातीची मेंढरं. कडबा म्हशींच्या तबेल्यातून यायचा. पहिल्या वर्षी तबेलेवाल्याने विचारलं होतं, "अम्मा, भैंस किधर है आपकी?"

"भैंस नहीं जी, येशूबाबा के वास्ते होना," अक्का म्हणाल्या. पुढच्या वर्षापासून तो न सांगताच आणून टाकू लागला.

चर्चची मंडळी केकच्या आशेने यायची आणि हातात भज्जीची वाटी पडायची. कुणी नाक मुरडलं की अक्का सुरू. "केक म्हणजे काय रे? तिकडं गोऱ्यांच्या मुलखात आत्ता शेतं बर्फाखाली. मग वाळवून ठेवलेली फळं काढली, पिठात घातली. एक झाड तेवढं हिरवं राहिलं, ते घरात आणलं. त्यांचा सण कणगीतला. आपल्याकडं तूर भरलीय, हरभरा सोलायला आलाय, ज्वारी हुरड्यात आलीय. मी कशाला वाळकं खाऊ?" मला हे फार पटायचं.

माझे बाबा मात्र त्या कोपीकडे फिरकायचे नाहीत. आम्ही बौद्ध, पण कारण ते नव्हतं, अक्कांच्या घरचा चहा त्यांनी शेकडो वेळा घेतला असेल. लहानपणी गावात कोप बांधायचं काम बाबांचं आणि आजोबांचं. ती उभी राहिली की मालकाची माणसं आत बसायची आणि ह्या दोघांना बांधावर, लांबून वाढायचे. दर नाताळला अक्का बोलवायच्या. बाबा फाटकातूनच हात जोडायचे, रूथने तिथे आणून दिलेलं ताट घ्यायचे आणि परत यायचे.

एकदा अक्कांनी विषय सरळ काढला. "भाऊ, मीबी बांधावरच जेवलेय. म्हणून तर कोप माझ्या दारात बांधते. हितं आत कोण बसायचं ते मी ठरवते."

"खरंय अक्का," बाबा म्हणाले, "पण पाय वळत नाहीत." अक्कांनी पुन्हा आग्रह केला नाही. बोलावणं मात्र कधी चुकलं नाही.

यंदा नाताळच्या आदल्या दिवशी कडबा नेहमीसारखा येऊन पडला. रूथ इथंच वाढलेली, कंपनीत नोकरीला. पेंढ्यांकडे बघत म्हणाली, "मला नै जमत ताई हे बांधायला. प्लास्टिकचं झाड आणते, बस." मला तरी कुठे जमत होतं... अक्का आता खरोखरच गेल्या, असं मला तेव्हा वाटलं आणि रडू आलं. बाबा आमच्या दारातून बघत होते. चपला घालून आले, एक पेंढी उचलली, हातात तोलली. "सुतळी आण," रूथला म्हणाले. शेंडे वर एकत्र आवळले, बुडखे खाली पसरले. हात काहीच विसरले नव्हते. दिवस मावळायच्या आत कोप उभी राहिली. बाबा अंगावरचा कडबा झटकून घरी आले.

दुसऱ्या दिवशी रूथने भज्जी केली, जराशी बुडाला लागलेली. बाबांचं ताट घेऊन ती सवयीने फाटकापर्यंत गेली. तिथे कुणी नव्हतं. बाबा गुडघ्यांशी कुरकुरत, वाकून कोपीत शिरले होते. मेंढरं थोडी बाजूला सारून त्यांनी मांडी घातली होती.

"आतच वाढ, पोरी," ते म्हणाले.