सरकीची वेणीफणी

बाई गेल्या, हे मला कोणा माणसानं सांगितलं नाही. सकाळी अंगणात सडा टाकून मी आत वळले, तर आमच्या उंबऱ्यात सरकी बसलेली. सरकी म्हणजे बाईंची पर्शियन मांजर. पांढरीशुभ्र, हातभर शेपटीची, चपट्या नाकाची. कपाळावर तेवढा एक करडा ठिपका, म्हणून बाईंनी तिला सरकी म्हटलं. वरच्या मजल्यावरची ही महाराणी कधी जिना उतरत नसे. मी हुसकलं तरी ती हलली नाही, ओरडलीही नाही. नुसती जिन्याकडे बघत राहिली... मी वर गेले. बाई कुशीवर निजल्या होत्या. एक हात अंथरुणाबाहेर पसरलेला, रोज मांजरीच्या पाठीवर असायचा तसाच. हात गार होता.

कौसल्याबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. जालन्यातल्या आमच्या घरात वर त्या, खाली आम्ही. त्यांचे यजमान लवकर गेले, लेक प्राची शिकून बंगळुरूला नोकरीला लागली. तिनंच हे मांजर एका दिवाळीत आणलं. "काकू, नवीन घर मिळेपर्यंतच," असं मला सांगून ती गेली. घर मिळालं, त्या घरात मांजर चालत नाही हेही कळलं, आणि पाहुणी मालकीण झाली. प्राचीनं तिचं नाव बेला ठेवलेलं होतं. बाईंनी ते पहिल्याच दिवशी मोडीत काढलं. "बेला काय, बेला? कापसात सरकी असती तशी दिसून राह्यली," म्हणाल्या.

मला मांजरं आवडत नाहीत. तेव्हाही आवडत नव्हती. घरभर केस, सोफ्यावर केस, माझ्या काळ्या साडीवर तर हमखास. बाई दुपारी देवाच्या वाती वळायच्या, त्या कापसातही केस. मग संध्याकाळी समई तडतडायची आणि जळक्या केसांचा वास सुटायचा. मी नाक मुरडलं की बाई हसायच्या. "मंगल, देवालाबी कळू दे की घरात कोण आल्तं ते."

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. लांब केस म्हटल्यावर बाईंना एकच उपाय ठाऊक. रविवारी सकाळी त्यांनी स्वतःच्या अंबाड्याला लावायच्या तसं कोमट खोबरेल तेल सरकीला नखशिखान्त चोळलं. "एवढे केस हायत, तेल न्हाई लावलं तर डोकं गरम व्हईल तिचं." शिकेकाईही भिजत घातली होती. पण तेवढ्यात राणीसाहेब निसटल्या, आणि गच्चीवर मी दळून आणलेली हळद परातीत पसरली होती, तिच्यात जाऊन लोळल्या. त्या दिवशी आमच्या घरी एक केसाळ नवरी हळद लावून हिंडत होती. माझी वर्षाची हळद गेली, मी तोंडाचा पट्टा सुरू केला, आणि बाई पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होत्या. यजमान गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलंच नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरांनी मात्र चांगलंच फैलावर घेतलं. मक्याचं पीठ चोळून, झटकून, पुन्हा चोळून ते तेल निघालं. पिवळी झाक पुढं कितीतरी दिवस होती.

त्यानंतर बाईंनी सरकीची अशी काही निगा राखली की काय सांगावं. उकळून गार केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवून सकाळी तिचे डोळे पुसायचे. उन्हाळ्यात तिच्यासाठी कूलरसमोर ओलं पोतं. आणि दुपारचा चहा झाला की वेणीफणी. बाईंचं माहेर हसनाबादचं, पोरपणी हात कापूस वेचण्यात मुरलेले. गुंता आला की फणी बाजूला ठेवायच्या आणि बोंडातला कापूस काडीकचऱ्यापासून सोडवावा तसा दोन बोटांनी हळूहळू उकलायच्या. खिडकीतून तिरपं ऊन यायचं. त्या उन्हात पांढरे केस तरंगत राहायचे, खाली उतरायचं नावच घेत नसत. सरकीचे डोळे मिटत, मग बाईंचे मिटत, बोटं तेवढी चालू. मी चहाचे कप न्यायला वर जायची आणि दारातच थांबायची. का, ते मला सांगता येणार नाही. त्या खोलीत तेवढा वेळ घड्याळ नसल्यासारखं वाटायचं. कुठल्या तरी संथ पाण्याखालून बघावं तसं सगळं दिसायचं... मग बाई डोळे न उघडताच म्हणायच्या, "आलीस? बैस. हिची मान धर जरा." "मी न्हाई धरत," माझं ठरलेलं उत्तर. पण बसायची मी.

बाई गेल्या आणि सरकी पलंगाखाली शिरली. खायची ती नावाला. कोणी हात लावला की गुरगुरायची. काखेत, कानामागं, पोटाखाली केसांचे गठ्ठे झाले. डॉक्टर म्हणाले, कातडी ओढली जाऊन जखमा होतील, मशीन लावून सगळे केस उतरवा. प्राचीनं रडतरडत संभाजीनगरचा एक माणूस शोधला. त्याच्याकडे अशी मांजरं होती. दहाव्यानंतरच्या रविवारी तो न्यायला येणार होता.

दहाव्याला शहागडला गेलो. गोदावरीच्या काठावर माझ्या मुलानं पिंड ठेवले. आमच्याकडे कावळा शिवेना की एकेकानं पुढं होऊन गेलेल्याला वचन द्यायचं. सगळे तयारीत होते. प्राचीच्या लग्नाचं कोण बोलणार, शेताचं कोण, हेही ठरलेलं. मीही मनाशी ठरवून गेले होते. सगळ्यात शेवटी, कोणाला ऐकू जाणार नाही असं, मांजराचं मी बोलणार होते. पण आम्ही मागं सरलो न सरलो तोच कावळा उतरला आणि बिनघोर खाऊ लागला. "समाधानी जीव. कशातच अडकला न्हाई," म्हातारी माणसं म्हणाली. सगळ्यांना बरं वाटलं. मला राग आला. अहो बाई, असं कसं? ज्या जिवाला पोटच्या पोरीसारखं विंचरलं, त्याची एवढीशीही काळजी नाही? मला बोलायला तरी वेळ द्यायचा! 

रविवारी त्या माणसाच्या आधी सरकीची भांडी बांधायला मी वर गेले. पलंगाखाली वाकले तर ती माझ्याकडे बघत होती. फणी पुढं केली, तिनं पंजा मारला. मग फणी ठेवली आणि जमिनीवरच पालथी पडून हात नुसता आत सारला. बराच वेळ काही झालं नाही. ऊन सरकत पायाशी आलं. कधीतरी तिनं कपाळ माझ्या तळव्याला टेकवलं आणि आपणहून बाहेर आली. कानामागची गाठ मी दोन बोटांनी उकलायला घेतली. काही केस तुटले, ती कण्हली, मी थांबले, पुन्हा लागले. गाठ सुटली तेव्हा तिच्यातून एक लांब करडा केस बाहेर आला. येतच राहिला. मांजराचा एवढा लांब नसतो... तो बोटाला गुंडाळून मी तिथंच बसले आणि दहा दिवस कामाच्या धबडग्यात राहून गेलेलं रडून घेतलं. म्हणून कावळा अडला नव्हता; बाईंना मला काही विचारायचंच नव्हतं. त्यांनी मला धरूनच ठेवलं होतं.

फोन वाजला. प्राची होती. "काकू, तो माणूस निघतोय. सरकी तयार आहे ना?"

"येऊ नको म्हण त्याला."

"का? काय झालं?"

"विंचरून राह्यले मी तिला. आत्ता कुठं अर्धी झाली."

आता दुपारचा चहा झाला की मी वर जाते. सरकी खिडकीखाली आडवी होते, हनुवटी वर करते. ऊन उतरतं, माझे डोळे मिटतात, आणि वेणीफणी तशीच राहून जाते. अजून एकदाही ती पुरी झालेली नाही.