मधला रकाना

प्रियदर्शनी रामटेके कर्वेनगरात राहते आणि हिंजवडीच्या एका कंपनीत बारा वर्षं डेटा एंट्री करते. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता रोज तीन तास जातात. बाकीच्या बायका त्या वेळात झोप काढतात. हिने शिकायचं ठरवलं, कारण ऑफिसात ॲनालिस्टची एक जागा निघणार होती आणि त्या जागेसाठी डेटा ॲनालिसिसचं सर्टिफिकेट लागणार होतं. ती जागा प्रियदर्शनीला हवी होती. अगदी मनापासून हवी होती.

कोर्स परदेशातल्या विद्यापीठाचा, ऑनलाइन आणि चक्क फुकट. फुकट ते पौष्टिक म्हणतात. पचायला किती जड, ते कोणी सांगत नाही. जगभरातून नव्वद हजार लोकांनी नावं घातली. मास्तर इंग्रजी असं बोलायचे, की जणू त्यांची बस सुटतेय. प्रियदर्शनीने त्यांचा वेग कमी केला आणि एकेक धडा चार-चारदा ऐकला. रेंज गेली की वही काढायची. तिच्या गटातली गर्दी दर आठवड्याला ओसरत गेली. शेवटच्या, बाराव्या आठवड्याला ती आणि केनियातली एक नर्स, एवढ्या दोघीच उरल्या.

सर्टिफिकेट आलं. त्यावर नाव होतं संतोष रामटेके.

संतोष म्हणजे तिचा नवरा. खातं त्यानेच उघडून दिलं होतं आणि सवयीने स्वतःचं नाव घातलं होतं. पान उघडलं की रोज 'हॅलो संतोष' यायचं. पण गॅस, वीज, फोन, घरात सगळंच त्याच्या नावावर. तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. आता बोला.

तिने कोर्सवाल्यांना मेल केला. उत्तर आलं, 'प्रिय संतोष, अभिनंदन! नावातली चूक दुरुस्त होते, माणूस बदलता येत नाही.' मग ती एचआरच्या नीरजा मॅडमकडे गेली.

"अर्ज तुमच्या मिस्टरांचा आहे का?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, हातच्या कांकणाला आरसा कशाला? एखादी फाइल द्या, इथेच करून दाखवते."

"अहो, फाइल नाही, सर्टिफिकेट जोडायचंय. शुक्रवारपर्यंत."

शुक्रवार गेला आणि जागा दुसऱ्याला मिळाली. प्रियदर्शनीला फार लागलं ते. तिकडे सासूबाईंनी, मुक्ताईंनी, आपला मुलगा परदेशी परीक्षा पास झाल्याचं फोन करून अख्ख्या गावाला कळवलंही होतं. संतोषने आईचा गैरसमज दूर करायची काही घाई केली नाही. दोन दिवस बायको त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

रविवारी ती स्वतःचा फोन घेऊन पुन्हा पहिल्या धड्याशी बसली. पुढची जागा निघेल तेव्हा निघेल. संतोष अपराध्यासारखा शेजारी येऊन टेकला. तिने नवं खातं उघडलं, नाव टाइप केलं, आडनाव टाइप केलं.

"मधला रकाना राहिला," तो म्हणाला.

"माहितीये," ती म्हणाली आणि बटण दाबलं.