बेचाळीस अधिक पंचवीस

जपानी मास्तर चिडले की आधी चष्मा काढायचे. समोरच्या मूर्खाचं तोंड स्पष्ट दिसू नये म्हणून, असं त्यांचंच म्हणणं. चष्मा नाकावर असेपर्यंत गिऱ्हाइकाला आशा असे. तो एकदा शर्टाच्या खिशात गेला की शहाण्याने आपली पेटी उचलावी आणि घर गाठावं. मी तेव्हा शहाणी नव्हते. मी बी.ए. होते.

चिखलीच्या बाजारात आमच्या कापडदुकानासमोर त्यांची जेमतेम एका माणसाची टपरी होती. हार्मोनियम, रेडिओ, लाउडस्पीकर, जे वाजायचं थांबलं ते तिथे यायचं. जपानी हे नाव पडलं ते लढाईच्या आधीच्या नोकरीमुळे. खामगावात एक जपानी साहेब कापूस खरेदी करायचा, त्याच्याकडे ऐन तारुण्यात मास्तर गाठींवर खुणा करायला होते. लढाई लागली, साहेब गेला, नाव मागे राहिलं. नवी सून म्हणून आले तेव्हा मला वाटलं, हा माणूस जपानला जाऊन आला असेल. सासूबाई म्हणाल्या, "जपान कुठचं, तो तं मलकापूरच्या पुढं नाही गेला."

पण मलकापूरच्या पुढे न गेलेल्या या माणसाकडे जालना, अकोल्याचे ऑर्केस्ट्रावाले विजेच्या गिटारी घेऊन यायचे. त्या काळी अशी गिटार मुंबईहून कोणाच्या तरी ओळखीने यायची आणि विकणारा हमखास म्हणायचा, अमेरिकन आहे. मास्तर नावाकडे बघतसुद्धा नसत. आधी उलटी करत. मानेवरून, म्हणजे तारांच्या लांब दांडीवरून, अंगठा फिरवत. मान जाड असेल तर आधीची, बारीक असेल तर नंतरची. मग मागचे चार स्क्रू काढून मान वेगळी करत आणि खाचेत डोकावत. आत पातळ लाकडाचे थर एकावर एक चिकटवलेले दिसले की 'अमेरिका नाही' असा हुंकार देत. "पाटी वाचू नका, पोट वाचा," हे त्यांचं पेटंट वाक्य. "तोंड खोटं बोलते. पोटाले बोलताच येत नाही."

माझे धाकटे दीर सुधाकरभाऊजी यांनी ऑर्केस्ट्रा काढला तेव्हा अशीच एक गिटार आणली. लाल-काळी, चकचकीत पत्र्याची, चार बटणं ओळीने, आणि माथ्यावर पितळी अक्षरांत ऐटदार इंग्रजी नाव. तार जरा कुरकुरत होती म्हणून मास्तरांना दुकानाच्या ओट्यावर बोलावलं. बघायला पंधरा-वीस माणसं जमली. चहा फिरला. मास्तरांनी मान सोडवली, तर तिच्या बुडाशी पेन्सिलीने लिहिलेलं: ४२, आणि पुढे महिन्याचा आकडा. आकडे इंग्रजी होते, म्हणून मी पुढे झाले.

"बेचाळीस!" मी ओरडले. "भाऊजी, ही बेचाळीसची आहे! चळवळीच्या वर्षाची!"

बेचाळीस म्हटलं की आपल्या माणसाला दुसरं काही आठवतच नाही. ओट्यावर टाळ्या पडल्या. एका आजोबांनी तर गिटारीला हात लावून नमस्कार केला. मास्तर शांतपणे म्हणाले, "नाही बाई. जपानी आहे. त्यांचा राजा गादीवर बसला तवापासून ते वर्षं मोजतात. साहेब मले रोज लिहाले लावे, दहा साल, अकरा साल. त्यात पंचवीस मिळवा. सदुसष्टची आहे. पाच-सहा वर्षांची पोर आहे ही, म्हातारी काऊन करता तिले?"

भाऊजींचं तोंड उतरलं. आणि माझ्या अंगात सगळं विद्यापीठ संचारलं. आज ते वाक्य लिहिताना स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते, पण लिहिते. "मास्तर," मी म्हणाले, "वरचं इंग्रजी नाव तरी वाचता येतं का तुम्हाला? ज्याचं मीठ खाल्लं त्याचंच सगळं दिसायला लागतं. कापसाच्या गाठी मोजून इतिहास कळत नसतो."

लोक हसले. खूप हसले. मलाही वाटलं, काय बोलले मी!

मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. पण आवाज चढवला नाही. मान परत बसवली, चारही स्क्रू एकेक करून आवळले, तारा चढवल्या, प्रत्येक तार कानाशी नेऊन पिळली. लोक हसतच होते. गिटार भाऊजींच्या हातात देत म्हणाले, "सुरात लावून देली," आणि समोर टपरीत जाऊन बसले. चहा तसाच राहिला.

पुढे जे झालं त्याचा मला आजही संताप येतो, आणि तो कोणावर काढावा कळत नाही. भाऊजींनी पत्रकं छापली: बेचाळीसची अमेरिकन गिटार. मजकूर अर्थात बी.ए. वहिनींचा. आणि लोक म्हणू लागले, मास्तरला काही समजत नाही. गिटारी बंद झाल्या, मग रेडिओ, मग भजनी मंडळाची पेटीसुद्धा बुलढाण्याला जाऊ लागली. तीस वर्षं ज्याने गावाची वाद्यं बोलती ठेवली, त्याची टपरी वर्षाच्या आत बंद झाली. मास्तर लेकीकडे संग्रामपूरला गेले. त्यांना निरोप द्यायला कोणी गेलं नाही. मी खिडकीतून बघितलं. पडदा ओढून.

नंतरच्या उन्हाळ्यात नणंदेच्या लग्नाची पत्रिका तपासायला माझ्याकडे आली. वर छापलं होतं, शके १८९५. घरातल्या पोरांना समजावून सांगू लागले, "यात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, की..." आणि तिथेच थांबले. आपल्याकडे दर लग्नात आपण एका राजाचं वर्ष छापतो आणि त्यात मिळवणी करतो. दुसऱ्याच्याही राजाचं वर्ष असू शकतं, हे माझ्या पदवीत बसलं नव्हतं.

मी भाऊजींच्या खोलीत जाऊन स्क्रू काढले. नुसती मान नाही, तो चकचकीत पत्राही उचलला. तारांखालच्या, आवाज पकडणाऱ्या डबीच्या बुडाशी, धुळीत, बारीक अक्षरं ठोकलेली होती: मेड इन जपान. इंग्रजीत. बी.ए.ला सहज वाचता येईल असं. मास्तरांनी तिथवर उघडायच्या आधीच मी तोंड उघडलं होतं.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, आता गप राहा ना. गणपतीची बोलावणी आली आहेत."

मी संग्रामपूरची एसटी पकडली. मास्तर लेकीच्या ओसरीत कोणाचा तरी ट्रान्झिस्टर उघडून बसले होते. मी पाया पडले, चुकले म्हणाले, रडलेही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"बोलल्या ओट्यावर," ते म्हणाले, "अन् माफी ओसरीत? इथं कोण आयकून राह्यलं? मी? मले तं पहिल्यापासून मालूम आहे ते सदुसष्टची आहे म्हणून."

रागाने मीही उठले. मानी होते ना! पण एसटीत अर्ध्या वाटेवर कळलं, की त्यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि त्याचाच जास्त राग आला. पुढच्या बाजारच्या दिवशी त्याच ओट्यावर उभी राहिले. दुकानातली गिऱ्हाइकं, भाजीवाल्या, सासरे, सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "मास्तर बरोबर होते. मी चुकले. गिटार जपानी आहे."

एक भाजीवाली म्हणाली, "कोणते मास्तर वो?"

दुसरा म्हणाला, "तोच, त्या टपरीतला. त्याले काय समजत होतं!"

कोण काय बोललं होतं हे कोणाच्याही लक्षात नव्हतं. माझं नावसुद्धा त्या गोष्टीतून पुसून गेलं होतं. राहिलं होतं ते एवढंच, की मास्तरला काही समजत नाही. मी पुन्हा सांगितलं. सासऱ्यांनी हाताला धरून आत नेलं.

मी परत संग्रामपूरला गेले. म्हटलं, "मास्तर, सांगितलं चारचौघात. कोणी ऐकलं नाही."

या वेळी चष्मा नाकावरच राहिला. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच बघावं तसं.

"मंग पुन्हा सांगा," म्हणाले. "पुढच्या बाजाराले."

तीन बाजार सांगितलं. चौथ्या बाजाराच्या आधी लेकीची तार आली, मास्तर गेले. तरी त्या दिवशी मी ओट्यावर उभी राहिले. सासरे या वेळी आडवे आले नाहीत. गिऱ्हाइकाचं कापड मोजता मोजता हात थांबवून, मान खाली घालून ऐकत राहिले.